शालिग्रामचा पयला कट्टा

दालमिलमध्ये टरफल कसं साचतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगतो. सकाळी झाडून काढा, दुपारी घोट्याइतकं. दुपारी झाडा, संध्याकाळी पुन्हा घोट्याइतकं. आमच्या टोळीतल्या गोष्टींचंही तसंच आहे. कोणाला तरी सांगून मोकळा होतो, तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पुन्हा जमा. आणि या वर्षी तर पार ढीग लागला. कारण या वर्षी आमच्या टोळीनं जन्मात कधी केलं नव्हतं ते काम केलं. तब्येत सांभाळली.

मी दिगंबर, टोळीचा मुकादम. शिक्षण सातवी. म्हणजे सातवीत गेलो होतो, पुढं निघालो नाही. गाव अमरावतीजवळचं भातकुली, पोट अकोल्याला. एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये आम्ही सहा जण तुरीच्या गाड्या खाली करतो आणि डाळीच्या भरून देतो. सगळा कारभार पाठीवर. कट्टा म्हणजे आमच्याकडे पन्नास किलोचं पोतं. ज्यावर बसून गप्पा मारतात तो कट्टा पुण्याकडचा, तो उचलावा लागत नाही.

टोळीत सर्वांत वयानं मोठा शालिग्राम. हिवरखेडचा. सत्तावन्न वर्षांचा, सागाच्या बल्लीसारखा सरळ आणि तेवढंच बोलणारा. त्याच्या खालोखाल मी. तीस वर्षं आम्ही एकाच गाडीला पाठ लावतो, आणि तीस वर्षं मी त्याची मस्करी करतो. त्यानं एकदाही दाद दिली नाही. म्हणून तर मी सोडत नाही.

आता आमची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. नव्या तुरीची पहिली गाडी आली की पहिला कट्टा टोळीतल्या सर्वांत मोठ्या माणसानं न्यायचा. हळदकुंकू, नारळ, सगळी मिल उभी. तो कट्टा मशीनजवळ ठेवायचा आणि दिवसभर फोडायचा नाही. हा मान आठ वर्षं शालिग्रामचा. त्याच्या घरी देवाच्या फोटोशेजारी त्या कट्ट्याचा फोटो आहे. स्वतःच्या लग्नाचा नाही.

*

दिवाळी झाली आणि आमच्या मालकाच्या पोरानं, म्हणजे छोटे सेठनं, मिलमध्ये तपासणीचं शिबिर ठेवलं. अमरावतीहून डॉक्टर मॅडम आल्या. वय तिशीचं, आवाज हेडमास्तरचा. छोटे सेठनं नियम सांगितला. ज्याला मॅडमची फिटची चिठ्ठी मिळणार नाही, त्यानं कट्ट्याला हात लावायचा नाही. पगार तोच राहील, पण काम गेटवर. खुर्चीत बसायचं.

"बसल्या बसल्या पगार?" आमच्या टोळीतला रशीदभाई म्हणाला. "मॅडम, मले आताच अनफिट लिहून टाका. हात जोडतो."

सगळे हसले. शालिग्राम हसला नाही.

वजन झालं, डोळे झाले, दात झाले. मग सुईचं नाव निघालं आणि मी हळूच टरफलाच्या खोलीत सटकलो. कट्टा कितीही द्या, सुई नको. अर्ध्या तासानं रशीदभाईनं मला पायाला धरून बाहेर ओढलं. डोक्यापासून पायापर्यंत तुरीचं टरफल. कानात, मिशीत, सगळीकडे.

मॅडमनं चष्म्यावरून पाहिलं. "हे मुकादम?"

"हो जी," मी म्हणालो.

"लपले होते, की पेरलं होतं कोणी?"

त्या दिवसापासून मी सांगत फिरतो, की बाई आमच्या अमरावतीकडची आहे. असं बोलणं अकोल्याच्या पाण्यात नाही.

माझं रक्त चांगलं निघालं. शालिग्रामचं बीपी मात्र असं निघालं, की मॅडमनं मशीन बदलून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या मशीननंही तेच सांगितलं.

"काका, डोकं दुखत नाही तुमचं?"

"मॅडम, ह्या मुकादमासंग तीस वर्सं झाले. डोकं तं दुखनारच."

मॅडम हसल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या. मीठ कमी, खर्रा बंद, रोजची गोळी चुकवायची नाही. दोन महिन्यांनी पुन्हा येते, म्हणाल्या, तोवर कट्टा नाही.

दोन महिन्यांनी म्हणजे बरोबर नव्या तुरीच्या तोंडावर. तेव्हाही चिठ्ठी मिळाली नाही तर पहिला कट्टा त्याच्या खालच्या नंबरकडे जाणार. खालचा नंबर माझा.

शालिग्रामनं माझ्याकडे पाहिलं. "आठ वर्सं वाट पाह्यली नं रे दिगू? घे आता."

तीस वर्षांत त्यानं मला तोंडावर मारलेला हा पहिला टोमणा, आणि तो असा बसला की मला परत काही बोलता आलं नाही. मला बोलता आलं नाही, हे आमच्या मिलमध्ये अजून सांगतात.

*

दुसऱ्या दिवशी शालिग्राम गेटवर गेला. पण खुर्चीत बसला नाही. आठ तास खुर्चीशेजारी उभा. खुर्चीवर त्याची टोपी.

छोटे सेठ गाडीतून उतरला. "काका, बसा नं."

"बसवली नं टोपी," शालिग्राम म्हणाला. "ते अनफिट हाये. मी नाई."

*

गेटसमोरच पानठेला. आता माणूस दिवसभर तिथं उभा, तर खर्रा कसा सुटेल? सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी आमच्याकडे जेवणाआधी लागते, जेवणानंतर लागते, आणि जेवण नसलं तरी लागते.

मी ठेलेवाल्याला फोडलं. त्याला घरून एक डबा आणून दिला. भाजलेली बडीशेप, ओवा, जवस आणि रंगासाठी थोडी काळी सुपारी. शालिग्राम आला की यातलीच पुडी बांधून द्यायची, अशी ताकीद. ठेलेवाला भीत होता. म्हणाला, "भाऊ, हे त्याच्या लक्षात आलं तं माह्या ठेला उलटा होईन."

पहिल्या दिवशी शालिग्रामनं पुडी तोंडात टाकली. आम्ही सगळे कट्ट्यांच्या थप्पीच्या आडून पाहत होतो. त्यानं चावलं. थांबला. पुन्हा चावलं. आणि टोपीशेजारी जाऊन उभा राहिला.

दोन दिवस तो नुसत्या जांभया देत होता. तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याशी भांडला. पाचव्या दिवशी ठेलेवाल्याला म्हणाला, "काय टाकून राहिला बे आजकाल? खर्ऱ्यात दम नाई राह्यला. पन पोट मस्त साफ होते."

मी महिनाभर छाती फुगवून फिरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा शालिग्राम माझ्या जाळ्यात सापडला होता. मग एक दिवस त्याची बायको, वच्छलावहिनी, त्याचा घरी विसरलेला डबा घेऊन मिलवर आली. मी तिलाही रंगवून रंगवून सांगितलं.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. "दिगूभाऊजी, त्याइले पयल्याच दिवशी समजलं होतं. घरी येऊन म्हने, पोट्ट्यानं एवढी मेहनत केली, आता कसं थुकू."

चोपन्न वर्षांचा पोट्टा मी. परत काही बोलता आलं नाही. दुसऱ्यांदा.

*

मिठाची गोष्ट याहून वाईट.

आमची टोळी दुपारी कडुनिंबाखाली जेवते. आपला डबा आपण खायचा ही पद्धत आमच्यात नाही. सहाही डबे मधात उघडायचे आणि ज्याचा हात जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचा. वच्छलावहिनीनं मॅडमचं ऐकून अळणी भाजी द्यायला सुरुवात केली. शालिग्रामनं तक्रार केली नाही. फक्त त्याचा हात स्वतःच्या डब्याकडे जाणं बंद झालं. रशीदभाईच्या घरचं वांगं, माझ्याकडचा ठेचा, यावरच सगळी मदार. त्याचा अळणी डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी.

मग टोळीची मीटिंग झाली. शालिग्रामला गेटवर ठेवून. ठराव पास झाला, की दोन महिने सहाही घरी मीठ निम्मं.

पहिल्या दिवशी शालिग्रामनं रशीदभाईचं वांगं खाल्लं. मग माझा ठेचा चाखला. मग तिसरा डबा, चौथा डबा. सगळीकडे तेच. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही सगळे वर, निंबाच्या पाल्याकडे पाहत होतो.

"काहून रे," तो म्हणाला, "सगळ्या घरचं मीठ एकाच दिवशी सरलं का?"

रशीदभाईला राहवलं नाही. भाकर आपटून म्हणाला, "बीपी तुह्यं, अन् फाशी आमाले सहा घराइले. आता गुमान खा आन् लवकर बरा हो. माह्या पोराइनं घरी संप केला हाये."

शालिग्रामनं घास घेतला. मग वहिनीचा डबा पुढं ओढला आणि पुसून खाल्ला.

तेव्हापासून त्याचा डबा एकदाही भरलेला परत गेला नाही. आणि ठेचा निम्म्या मिठातही ठेचाच लागतो, हे मला या वयात समजलं. बायकोला सांगितलं नाही. तिनं कायमचं निम्मं केलं असतं.

*

मधल्या काळात पुण्याहून एक सेफ्टीवाले साहेब आले. अंगानं काडी, शर्टाची इस्त्री अशी की हात लावला तर कापेल. त्यांनी आम्हाला ओळीत बसवलं आणि एक रिकामं पुठ्ठ्याचं खोकं समोर ठेवलं.

"वजन उचलताना कमरेतून वाकायचं नाही. गुडघ्यातून बसायचं, पाठ सरळ, वजन छातीजवळ, आणि पायांच्या जोरावर उठायचं." त्यांनी खोकं उचलून दाखवलं.

मी हात वर केला. "साहेब, वा. पन हे खोकं तं माह्यी नातही उचलते. जरा कट्ट्यावर होऊन जाऊ द्या."

सगळे खुसुखुसु हसायला लागले. गेटवरून शालिग्रामही मान उंच करून पाहायला लागला. रशीदभाईनं मुद्दाम भरलेला कट्टा आणून टाकला.

साहेबांनी बाह्या दुमडल्या. गुडघ्यातून बसले. पाठ काठीसारखी. कट्टा छातीला लावला, उठले, दोन पावलं चालले आणि मला म्हणाले, "मुकादम, जरा पाठ करा."

मी पाठ केली. त्यांनी कट्टा माझ्याच पाठीवर ठेवला.

"न्या आता," ते म्हणाले. "माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. कमरेतून वाकायचे. शेवटची दहा वर्षं त्यांना खाटेवरून उठता आलं नाही. म्हणून हे शिकलो, आणि म्हणून शिकवत फिरतो."

मी कट्टा नेला.

त्या आठवड्यात मी गुपचूप साहेबांसारखं उचलून पाहिलं. अठरा वर्षांपासून सकाळी उठताना कमरेत जी कळ निघायची ती अर्ध्यावर आली. टोळीला सांगितलं नाही. पण चार दिवसांनी पाहतो तर सगळेच गुडघ्यातून बसत होते आणि एकमेकांना सांगत नव्हते. आणि गेटवर शालिग्राम खुर्ची उचलत होता आणि ठेवत होता. गुडघ्यातून. पाठ सरळ. टोपीसकट.

*

आता मास्कचं. डाळीची धूळ बारीक, नाकात गेली की रात्रभर खोकला. छोटे सेठनं सगळ्यांना मास्क दिले. आम्ही ते नेमानं घालत होतो. रशीदभाई कपाळावर, मी गळ्यात, आणि एक जण त्यातून चहा गाळत होता.

मॅडम मधात एकदा अचानक आल्या. मला थांबवलं. "मुकादम, मास्क कुठं आहे?"

"हा काय जी, गळ्यात."

"तुमची फुप्फुसं गळ्यात आहेत का?"

मग त्यांनी एक पांढरा रुमाल मागितला, पाण्यात भिजवला आणि माझ्या नाकाखाली धरला. "शिंकरा." मी शिंकरलो. रुमालावर जे निघालं ते पाहून माझी मलाच किळस आली. जणू नाकात अर्धा किलो डाळ भरडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून सहाही जण नाकावर मास्क, वरून दुपट्टा. ट्रकवाले आम्हाला पाहून म्हणायचे, "ऑपरेशन कोनाचं हाये आज?"

"मुकादमाच्या तोंडाचं," गेटवरून उत्तर यायचं. शालिग्राम. तब्येत सुधारत होती तसतशी त्याची जीभही सुधारत होती.

*

दोन महिने संपले. मॅडम आल्या. शालिग्राम धुतलेला सदरा घालून आला. आम्हा पाचांची तपासणी आधी उरकली आणि आम्ही ऑफिसच्या दारात उभे. मॅडमनं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आकडा पाहिला. भुवई वर गेली.

"काका, पुन्हा जास्तच आहे."

शालिग्रामचा चेहरा पडला. रशीदभाईनं डोळे मिटले. सहा घरचं दोन महिन्यांचं मीठ माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

मग शालिग्राम म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? ह्या पाचाइले बाहेर काढा. आन् मुकादमाले तं गेटबाहेर काढा. ह्याचं थोबाड पाह्यलं की माह्यं रक्त चढते."

मॅडमनं आम्हाला हाकललं, दार लावलं. मी खरंच गेटबाहेर जाऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटं ते बाहेर आले नाहीत. पंधरा मिनिटांत मी त्या खुर्चीत चारदा बसलो आणि चारदा उठलो.

दार उघडलं. शालिग्रामच्या हातात चिठ्ठी.

"तीनदा पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही वेळा चांगलं आहे. फिट. पण गोळी बंद करायची नाही, आणि दिवसभर सलग उचलायचं नाही. समजलं का सगळ्यांना?"

"सगळ्याइले काहून जी?" रशीदभाई म्हणाला. "गोळी तं त्याची हाये."

"तुमच्या टोळीत कोणाचं काय आहे ते वेगळं करता येत नाही. सहाही जणांचं बीपी उतरलं आहे."

शालिग्राम गेटवर गेला. खुर्चीवरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली.

*

चार दिवसांनी नव्या तुरीची पहिली गाडी लागली.

मॅडमची चिठ्ठी मी वाचली होती, पण माझ्या पोटातली भीती काही वाचत नव्हती. दोन महिने माणसानं कट्ट्याला हात लावलेला नाही. सगळी मिल पाहणार. पाय लटपटला तर? मधातच दम भरला तर? चिठ्ठी जाईल ती जाईल, त्या फोटोचं काय? आदल्या दिवशी मी रशीदभाईला बाजूला घेतलं. आम्ही दोघांनी एका नव्याकोऱ्या कट्ट्यात टरफल भरलं, दाबून दाबून, गोल गरगरीत. वरून तोंड शिवलं. दिसायला पन्नास, उचलायला बारा-तेरा किलो. तो कट्टा तर दिवसभर कोणी फोडत नाही. संध्याकाळी मी बदलून टाकणार होतो. देवाची माफी मी मागून ठेवली होती.

नारळ फुटला. छोटे सेठ मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मॅडमही मुद्दाम आल्या होत्या. शालिग्रामनं कमरेला दुपट्टा करकचून बांधला आणि गाडीला पाठ लावली. मी आणि रशीदभाई वर उभे. गाडी लागताच गुपचूप वर चढवलेला, हळदकुंकू लावलेला आमचा कट्टा आम्ही उचलला. रशीदभाईनं तर असा दम टाकला, दात-ओठ खाल्ले, की मलाच तो भरलेला वाटला.

कट्टा शालिग्रामच्या पाठीवर टेकला.

त्याची मान किंचित वळली. एक डोळा वर आला आणि माझ्यावर थांबला. मग खाली गेला.

तो चालू लागला. एकेक पाऊल जड. गुडघे थोडे थरथरत होते. अर्ध्यात थांबला, मोठ्यानं श्वास घेतला, कपाळावर नसलेला घाम पुसला, पुन्हा निघाला. मिल टाळ्या वाजवत होती. वच्छलावहिनी डोळे पुसत होती. मशीनजवळ पोचल्यावर त्यानं कट्टा हळूच, लेकरू झोपवावं तसा ठेवला. हात जोडले.

छोटे सेठ म्हणाला, "वा काका. चला आता, चहा."

शालिग्राम चहाकडे गेला नाही. सरळ गाडीकडे आला. दुपट्ट्याची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि पाठ लावली.

"दे," म्हणाला.

रशीदभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. गाडीत आता दुसरं काही नव्हतंच, नवी तूर होती. आम्ही कट्टा उचलला. यावेळी रशीदभाईनं दम टाकला नाही, आपोआप निघाला.

शालिग्रामची पाठ सरळ होती. पाऊल एकसारखं. थांबला नाही, थरथरला नाही. मी गाडीतून उडी मारून त्याच्या बाजूनं चालू लागलो, हात अर्धे पुढं करून. मशीनच्या दहा पावलं अलीकडे, माझ्याकडे न पाहता, फक्त मला ऐकू जाईल असं तो बोलला.

"पयला तुह्या जिवासाठी नेला, दिगू. हा माह्यावाला हाये. हो बाजूले."